मक्ता आणि बटई : कंपन्या भांडवल कसे उभे करतात?

(जिल्हा मेळाव्यातील अभ्याससत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सत्राचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा पुष्कळांच्या मनात आले असेल, की कर्ज काढावे की शेअर विकावे हा कंपनीवाल्यांचा प्रश्न. कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्याने त्यात डोके का घालावे?

आमच्याकडे त्याची दोन उत्तरे आहेत. पहिले असे, की २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढता येऊ लागली. आज या मंडपात बसलेल्या कितीतरी जणांच्या घरी अशा कंपनीच्या भागांची पावती आहे. कुठे जिनिंग टाकायचे चालले आहे, कुठे डाळ मिल, कुठे ज्वारी साफ करून पोत्यात भरायचे यंत्र. त्यासाठी पैसा कुठून आणायचा हा ठराव वार्षिक सभेत तुमच्यापुढे येणार आणि तुम्हाला हात वर करावा लागणार. न समजता वर केलेल्या हाताची किंमत पुढे दहा वर्षे मोजावी लागते.

दुसरे उत्तर जरा कडू आहे. कर्ज म्हणजे काय हे कोरडवाहू शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. पण कर्ज नको असेल तेव्हा बाकीची दुनिया काय करते, हे आपल्याला कोणी सांगितलेले नाही. ते आज पाहू.

ही गोष्ट आपल्याला ठाऊकच आहे

जमीन करायला देण्याच्या दोन रीती गावोगाव आहेत. एक मक्त्याची. कुठे तिला खंडाने म्हणतात, कुठे ठोक्याने. एकरी अमुक रुपये ठरले, की पाऊस पडो न पडो, बोंड फुटो की अळी खावो, मालकाला ठरलेले पैसे द्यायचे. पीक जोरात आले तर वरचे सगळे करणाऱ्याचे. दुसरी रीत बटईची. पीक येईल त्यात मालकाचा वाटा. दहा क्विंटल झाला तर दहाचा, दोनच झाला तर दोनचा. मालक मग शेतावर चक्कर टाकतो, खत कोणते घातले विचारतो, वेचणीला माणूस उभा करतो. त्याचा जीव पिकात अडकलेला असतो.

कंपनीचे कर्ज म्हणजे मक्ता आणि कंपनीचा शेअर म्हणजे बटई. एवढे लक्षात ठेवले तर अर्धा विषय संपला.

कर्ज देणारा म्हणतो, माझे व्याज ठरलेल्या तारखेला, मुद्दल ठरलेल्या हप्त्याने. नफा झाला का, हे मी विचारत नाही. कारभारात मत मागत नाही. पण देणे चुकले तर तारण माझे. शेअर घेणारा म्हणतो, मी पैसे दिले ते परत मागणार नाही. नफा झाला तर लाभांश द्या, नाही झाला तर यंदा देऊ नका. पण मी मालकीत वाटेकरी आहे. सभेत मला मत आहे, आणि कंपनी भरभराटीला आली तर त्या भरभराटीतही माझा हिस्सा आहे.

कंपनी मोडली तर खळ्यावर माप कोणाचे आधी, हेही कायद्याने ठरले आहे. तारण असलेले कर्जदाते आणि कामगारांची थकलेली मजुरी पुढच्या रांगेत, आणि भागधारक सगळ्यात शेवटी. त्याच्यापर्यंत येईतो बहुतेक वेळा खळे झाडलेले असते. एवढी जोखीम घेणारा माणूस बँकेच्या व्याजावर समाधान मानील का? त्याला जास्त परताव्याची आशा असतेच. म्हणून शेअरचा पैसा फुकटचा असतो असे कोणी सांगू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तो चांगल्या वर्षी महाग पडतो आणि वाईट वर्षी स्वस्त.

एक कोटीचे जिनिंग

आता हिशोब मांडू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. समजा, एक कोटी रुपयांत जिनिंग उभे राहते. चांगल्या वर्षी व्याज देण्याआधी २० लाख उरतात. कापूस कमी आला, सरकीचे भाव पडले, तर ४ लाखच उरतात. बँकेचे व्याज धरू १२ टक्के. कर आणि घसारा सध्या बाजूला ठेवू.

पहिली रीत, सगळा एक कोटी शेअरचा. चांगल्या वर्षी शंभर रुपयांमागे २० रुपये, वाईट वर्षी ४ रुपये. थोडे मिळाले, पण कोणी दारात उभे नाही.

दुसरी रीत, २० लाख शेअरचे आणि ८० लाख कर्जाचे. वर्षाचे व्याज झाले ९ लाख ६० हजार. चांगल्या वर्षी २० लाखांतून व्याज जाता १० लाख ४० हजार उरतात, आणि ते फक्त २० लाखांच्या शेअरवर. म्हणजे शंभराला ५२ रुपये! कोणी सल्लागार वहीवर हा आकडा काढून दाखवील तेव्हा टाळ्या पडतील. पण वाईट वर्षी काय? ४ लाख आले, ९ लाख ६० हजार द्यायचे. ५ लाख ६० हजारांचा खड्डा. अशी दोन वर्षे लागोपाठ आली तर २० लाखांतले ११ लाख २० हजार गेले.

आणि यात आपण अजून मुद्दलाचा हप्ता धरलाच नाही. ८० लाख आठ वर्षांत फेडायचे तर वर्षाला १० लाख. चांगल्या वर्षी उरलेले १० लाख ४० हजार त्या हप्त्यातच गेले. ५२ टक्के कागदावर, आणि सभासदाच्या हातात शून्य. वाईट वर्षी तर १५ लाख ६० हजार कुठून तरी आणावे लागतील.

तिसरी रीत, ६० लाख शेअरचे, ४० लाख कर्जाचे. व्याज ४ लाख ८० हजार. चांगल्या वर्षी १५ लाख २० हजार उरतात, म्हणजे शंभराला २५ रुपये. वाईट वर्षी ८० हजारांची तूट आणि ५ लाखांचा हप्ता. चांगल्या वर्षी ६ लाख गंगाजळीत बाजूला ठेवले असतील तर कंपनी हे वर्ष तरून जाते.

यातून नियम निघतो तो सोपा आहे. धंद्यात घातलेल्या शंभर रुपयांवर व्याजदरापेक्षा जास्त सुटत असेल, तर कर्ज मालकाचा फायदा वाढवते. कमी सुटत असेल, तर कर्ज मालकाला खाते. १२ टक्क्यांच्या वर गोड, खाली विष.

कोणी म्हणेल, पाच वर्षांत तीन चांगली नि दोन वाईट धरली, तर सरासरीने भरपूर कर्जाची रीतच किफायतशीर ठरते. खरे आहे. आमच्या हिशोबात शेअरवर सरासरी २० टक्के पडतात, सगळे भांडवल शेअरचे असते तर १३ रुपये ६० पैसे पडले असते. पण ती दोन वाईट वर्षे आधीच आली तर? तिसरे वर्ष बघायला कंपनी तुमच्या हातात राहते का? पावसाची सरासरी भरून निघते आणि पीक मात्र ऐन फुलोऱ्यात वाळते, हे कोरडवाहू शेतकऱ्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार? सरासरीवर सरकारी अहवाल लिहिता येतो, बँकेचा हप्ता भरता येत नाही.

रास एकच, मापे दोन

अर्थशास्त्रात या प्रश्नावर मोठा खल झाला आहे. १९५८ साली अमेरिकेत फ्रँको मोदिग्लियानी आणि मर्टन मिलर या दोघांनी सांगितले, की कर नसेल, दिवाळे निघण्याचा खर्च नसेल आणि सगळ्यांना सगळी माहिती सारखीच असेल, तर कर्ज किती आणि शेअर किती याने कंपनीची किंमत बदलत नाही. पुढे दोघांनाही नोबेल मिळाले, मोदिग्लियानींना १९८५ साली आणि मिलर यांना १९९० साली. आपल्या भाषेत सांगायचे तर खळ्यावर रास एकच आहे. आधी कोणी माप भरून न्यायचे आणि उरलेले कोणी, यावरून राशीत एक दाणा वाढत नाही.

मग कंपन्या इतका विचार का करतात? कारण त्या तीनही अटी प्रत्यक्षात नसतात. त्या एकेक घेऊ.

पहिली अट कराची. कंपनी व्याज देते ते खर्चात जाते आणि राहिलेल्या नफ्यावर कर बसतो. लाभांश मात्र कर भरून झाल्यावर द्यायचा. २०१९ पासून आपल्या देशात सवलती सोडून देणाऱ्या कंपनीला २२ टक्के दराने, अधिभार धरून साधारण २५ टक्के कर पडतो. म्हणजे नफ्यातल्या कंपनीने ९ लाख ६० हजार व्याज दिले तर सुमारे २ लाख ४० हजारांचा कर वाचला. व्याजाचा चौथा हिस्सा एका परीने सरकारी तिजोरीने सोसला. कर्जाकडे ओढणारी ही मोठी दोरी आहे. मात्र ज्या वर्षी तोटा, त्या वर्षी करही नाही आणि बचतही नाही.

दुसरी अट दिवाळ्याची. हप्ते थकले की माल उधार देणारा हात आखडतो, चांगली माणसे सोडून जातात, मालक धंदा सोडून कोर्टात आणि बँकेत बसतो. कारखाना लिलावात जाण्याआधीच त्याची निम्मी ताकद गेलेली असते.

तिसरी अट माहितीची. ती समजायला बैलबाजारात चला. ऐन पेरणीच्या तोंडावर कोणी जुपता बैल विकायला आणला, तर आपण पहिला प्रश्न काय विचारतो? बैल इतका चांगला आहे तर विकतोस का? दात पाहतो, चालवून पाहतो, आणि तरी दोन हजार कमीच सांगतो. कंपनी शेअर विकायला काढते तेव्हा बाजार हेच विचारतो. आतली गोष्ट मालकाला ठाऊक, आपल्याला नाही. चांगल्या कंपनीलाही मग शेअरचा भाव कमी मिळतो. स्टुअर्ट मायर्स या अभ्यासकाने १९८४ साली यावरून कंपन्यांच्या वागण्याचा क्रम सांगितला. आधी घरची शिल्लक, मग कर्ज, आणि अगदी शेवटी नवे शेअर. हुशार मालक शेअर विकतोच, पण बाजार चढा असेल तेव्हा. जानेवारी २००८ मध्ये बाजार शिखरावर असताना रिलायन्स पॉवरने ४५० रुपयांना शेअर विकायला काढला आणि साडेअकरा हजार कोटींच्या वर रक्कम उभी केली. किरकोळ अर्जदारांना तो ४३० रुपयांना मिळाला. फेब्रुवारीत बाजारात नोंदणी झाली त्या पहिल्याच दिवशी भाव घसरला.

याशिवाय मालकीचाही प्रश्न आहे. कर्ज फिटले की बँक जाते. शेअर घेणारा जात नाही. पुष्कळ घराणी व्याज सोसतात ते एवढ्यासाठीच, की खुर्चीवर दुसरा येऊन बसू नये.

कोणी काय निवडले

आता खरी उदाहरणे पाहू. टाटांचा पोलाद कारखाना घ्या. एकाच कंपनीच्या इतिहासात सगळे धडे सापडतात.

कंपनी नोंदली गेली १९०७ साली. लंडनच्या बाजारात भांडवल उभे करण्याचा प्रयत्न फसला होता. मग मुंबईत शेअर विक्रीला काढले. स्वदेशीचे वारे होते. टाटांच्या कचेरीसमोर सकाळपासून रात्रीपर्यंत रांगा लागल्या, आणि तीन आठवड्यांत सुमारे ८,००० हिंदी माणसांनी १६ लाख पौंडांच्या वर रक्कम भरली. हा पैसा शेअरचाच का हवा होता? कारण जंगल तोडून भट्टी उभारायची होती. प्रत्यक्ष पोलाद निघायला १९१२ साल उजाडले. चार-पाच वर्षे एक पैची आवक नाही. कर्ज असते तर पहिल्या वर्षापासून व्याज सुरू झाले असते. भागधारक थांबू शकतो, सावकार थांबत नाही.

पुढे कारखाना चालवायला खेळते भांडवल लागले तेव्हा कर्जरोखे काढले. चार लाख पौंडांचे ते सगळे रोखे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी एकट्याने घेतले. उभारणी शेअरवर, रोजचा कारभार कर्जावर. हा क्रम ध्यानात ठेवा, पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे.

पहिल्या महायुद्धानंतर वाईट काळ आला. विस्तार हाती घेतलेला, आणि परदेशातून स्वस्त पोलाद येऊन भाव कोसळलेले. १९२४ साली जमशेदपूरला मजुरी द्यायला पैसे नव्हते. दोराबजी टाटांनी स्वतःची मालमत्ता आणि पत्नी मेहेरबाईंचा ज्युबिली नावाचा हिरा गहाण ठेवून इम्पीरियल बँकेकडून एक कोटीचे कर्ज मिळवले. घरातला दागिना गहाण पडतो तेव्हा काय वाटते, हे आमच्या मायबहिणींना सांगायला नको. सामान्य भागधारकाने त्या काळात कित्येक वर्षे लाभांशाचे तोंड पाहिले नाही. पण म्हणूनच कारखाना वाचला. त्या ८,००० जणांचे पैसे कर्जाऊ असते तर त्यांनी कारखाना तेव्हाच विकायला लावला असता.

आता शंभर वर्षे पुढे या. २००७ साली याच कंपनीने युरोपातली कोरस ही आपल्याहून कितीतरी मोठी पोलाद कंपनी सुमारे १२ अब्ज डॉलरना घेतली. त्यातला मोठा हिस्सा कर्जाचा. पोलादाचे भाव तेव्हा तेजीत होते. २००८ साली जगात मंदी आली, भाव पडले, व्याज मात्र पडले नाही. २०१६ साली ब्रिटनमधला स्कंथॉर्पचा धंदा अवघ्या एक पौंडाच्या नाममात्र किमतीला दुसऱ्याला देऊन टाकावा लागला. तेजीच्या भावावर मक्ता ठरवला, की मंदीत काय होते याचा हा दाखला.

उलट बाजूला इन्फोसिस पाहा. १९८१ साली पुण्यात दहा हजार रुपयांवर सुरू झालेली कंपनी. १९९३ साली तिने ९५ रुपयांना शेअर विकले, आणि कर्जाला जवळजवळ हातच लावला नाही. तिची मिळकत माणसांच्या डोक्यात. ती संध्याकाळी घरी निघून जाते. बँक तारण कशाचे घेणार? याउलट विजेच्या तारा, रस्त्यांचे टोलनाके, बंदरे या धंद्यांत भरपूर कर्ज दिसते. मिळकत जमिनीत रोवलेली, आणि आवक वर्षानुवर्षे साधारण ठरलेली. ज्याची आवक ठरलेली, त्याला ठरलेले देणे झेपते.

आणि नाही झेपले तर? किंगफिशर विमान कंपनीच्या बँकांनी २०११ साली थकलेल्या कर्जाचा काही भाग शेअरमध्ये बदलून घेतला. मक्त्याचे बटईत रूपांतर केले म्हणा. पण पीक आधीच जळालेले होते. ऑक्टोबर २०१२ मध्ये विमाने थांबली आणि ते शेअर मातीमोल झाले. व्याजासह नऊ हजार कोटींच्या वरचे देणे वसूल करायला बँका पुढे मालकाच्या वैयक्तिक हमीमागे धावल्या.

२०१६ साली दिवाळखोरीचा नवा कायदा आला. त्याखाली भूषण स्टीलचे प्रकरण गेले. वित्तसंस्थांचे दावे सुमारे ५६,००० कोटींचे होते. २०१८ साली टाटा स्टीलने ती कंपनी घेतली तेव्हा त्यांच्या हाती रोख आले ३५,२०० कोटी आणि थोडे शेअर. बाकीच्यावर पाणी सोडले. मालक बदलला, भट्टी मात्र विझली नाही.

आपल्या भागातले उदाहरण

आता कापसाच्या पट्ट्यात परत येऊ. महाराष्ट्रातल्या सहकारी सूतगिरण्यांसाठी ५:४५:५० असे सूत्र ठरले होते. शंभर रुपयांत सभासदांचे ५, राज्य सरकारचे भागभांडवल ४५, आणि ५० कर्ज. कागदावर पाहिले तर निम्मे भांडवल बटईचे आहे. मग इतक्या गिरण्या तोट्यात का गेल्या, कित्येकांना कुलूप का लागले?

सुताची मंदी, जुनी यंत्रे, विजेचे दर अशी कारणे आहेतच. पण भांडवलाच्या बाजूने पाहा. बटईचा मालक शेतावर चक्कर टाकतो असे आपण सुरुवातीला म्हटले. सरकार हा असा बटईदार निघाला, की ज्याने ४५ टाकले आणि खळ्यावर माप घ्यायलाही आला नाही. पाच रुपयांवर कारभार शंभराचा चालला. गिरणी बुडाली तर कारभाऱ्याचे स्वतःचे जाणार किती? शेअरचा पैसा थांबतो हा त्याचा गुण आहे, पण देणाऱ्याने लक्ष ठेवले तरच. राखणीला कोणी नसेल तर बटईचे शेत गुरांचे होते.

शेतकऱ्याला एकच दरवाजा

इतके ऐकल्यावर एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. ज्याची आवक बेभरवशाची, त्याने ठरलेले देणे डोक्यावर घेऊ नये, हा कंपन्यांचा पहिला धडा. देशात सगळ्यात बेभरवशाची आवक कोणाची? कोरडवाहू कापूस आणि ज्वारी करणाऱ्याची. पाऊस त्याच्या हातात नाही, भाव तर नाहीच. आणि भांडवलाचा दरवाजा त्याला एकच आहे, कर्जाचा. सोसायटीचे असो, बँकेचे असो की सावकाराचे. पीककर्जाचा वाटेकरी कोणी नाही.

कंपनीला व्याजावर करात सूट मिळते. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही हे चांगले, पण त्यामुळे शेतकऱ्याला व्याजावर अशी करातली बचतही नाही. कंपनीच्या भागधारकाची जबाबदारी त्याच्या भागापुरती. कंपनी बुडाली तरी त्याच्या घरादाराला हात लागत नाही. शेतकऱ्याच्या कर्जाला जमीनच तारण, आणि त्याची जबाबदारी कुठे थांबते हे कोणी आखून दिलेले नाही. भांडवलाच्या दृष्टीने पाहिले तर आपला कष्टकरी हा शंभर टक्के कर्जावर चालणारा, एकाच पावसावर विसंबलेला कारखाना आहे. कुठलाही शहाणा मालक असा कारखाना काढणार नाही.

एकट्या शेतकऱ्याला शेअर विकता येत नाहीत. पण दहा शेतकरी मिळून कंपनी काढली, की बटईचा दरवाजा किलकिला होतो. म्हणून उत्पादक कंपनीच्या सभेतला ठराव हा आमच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा विषय आहे.

सभेत काय विचाराल?

उत्पादक कंपनीचा कायदा वेगळा आहे. सभासद उत्पादकच असावा लागतो. भाग कितीही असोत, मत माणशी एक. भाग बाहेरच्याला विकता येत नाहीत. भागावरचा परतावा मर्यादित, आणि उरलेला नफा ज्याने जितका माल दिला त्या प्रमाणात बोनस म्हणून वाटता येतो. यामुळे कंपनी कोणी शेठ विकत घेऊ शकत नाही, हा फायदा. पण बाहेरचा पैसेवाला भाग घ्यायला येणारही नाही, ही अडचण. म्हणजे बटईचा पैसा सभासदांच्या खिशातूनच यायला हवा.

केंद्राच्या २०२० च्या योजनेत सभासदाने भरलेल्या भागाइतकीच रक्कम, माणशी २,००० रुपयांपर्यंत आणि कंपनीला जास्तीत जास्त १५ लाख, अनुदान म्हणून देण्याची तरतूद केली गेली. ७५० जणांनी दोन-दोन हजार भरले, की १५ लाख सभासदांचे आणि अटी पुऱ्या केल्या तर १५ लाख अनुदानाचे. दोन हजार म्हणजे लहान रक्कम नव्हे हे आम्ही जाणतो. पण सभासदांनी शंभर-शंभर रुपयांची पावती फाडायची आणि बाकी सगळे बँकेकडून आणायचे, म्हणजे सूतगिरणीचा पाच रुपयांचा खेळ पुन्हा मांडायचा.

तेव्हा ठराव पुढे आला की पाच प्रश्न विचारा. अध्यक्ष रागावले तरी विचारा.

एक. हा पैसा यंत्राला आणि इमारतीला लागणार की मालखरेदीला? यंत्राची कमाई सावकाश येते, त्याला शक्यतो भागांचा पैसा लावा. दिवाळीनंतर कापूस घेऊन चार महिन्यांत गाठी विकायच्या असतील, तर मालाच्या तारणावर मुदतीचे कर्ज घ्यायला हरकत नाही. तो माल स्वतःच कर्ज फेडतो. भाव पडला तर किती तोटा झेपेल, तेवढे मात्र आधी ठरवा.

दोन. वाईट वर्षी व्याजाआधी किती उरेल? चांगल्या वर्षाचा आकडा सगळेच सांगतात.

तीन. व्याज आणि हप्ता मिळून वर्षाचे देणे किती? वाईट वर्षाची कमाई आणि गंगाजळी यांतून ते भागेल का?

चार. तारण कशाचे? कंपनीच्या मिळकतीचे असेल तर ठीक. संचालकाच्या सात-बाऱ्यावर वैयक्तिक हमी मागितली जात असेल, तर मर्यादित जबाबदारीचे कुंपण तिथेच मोडले असे समजा, आणि तो कागद कोणा एकाच्या गळ्यात टाकू नका.

पाच. चांगल्या वर्षीचा नफा किती वाटणार आणि किती ठेवणार? घरची शिल्लक हे सगळ्यात स्वस्त भांडवल. मोठ्या कंपन्याही आधी तिलाच हात घालतात.

कर्ज वाईट असे आम्ही म्हणत नाही. ठरलेली आवक असलेल्या धंद्याला कर्जासारखे भांडवल नाही. आमचे म्हणणे एवढेच, की मक्ता कोणत्या शेताला करायचा आणि बटई कोणत्या, हे शेत पाहून ठरवा. हलक्या रानाला आणि मोघम पावसाला बटई बरी.

या महिन्यात आणि पुढच्या महिन्यात ठिकठिकाणी वार्षिक सभा आहेत. ताळेबंदाची प्रत सभेच्या आधी मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. त्यात दोनच ओळी आधी पाहा. भागभांडवल किती आणि कर्ज किती. ज्यांना वाचायला जमत नसेल त्यांनी गावातल्या कॉलेजच्या पोराला बसवून वाचून घ्या. आणि वर सांगितलेला एक कोटीचा हिशोब आपापल्या कंपनीच्या आकड्यांनी पुन्हा मांडा. पुढच्या बैठकीला येताना तो कागद बरोबर आणा. आपण तो सगळ्यांसमोर तपासू.